संगणक उठत नाही तेव्हा



आजचा विषय पाहून काहींच्या मनात आले असेल की, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर या मिस्त्रीकामाचे प्रयोजन काय? परंतु हे यंत्र आता घरोघरी, दुकानांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत मेजावर येऊन बसले आहे. दहा वर्षांचा जमाखर्च, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, अर्धा लिहून झालेला प्रबंध, सारे त्याच्या पोटात. आणि एखाद्या सकाळी बटन दाबावे तो पडदा काळाच! मग कोणी पेटीवर थापट्या मारतो, कोणी दुरुस्तीवाल्याकडे धावतो. आणि तो 'बोर्ड गेला' म्हणाला की आपण निमूटपणे मान डोलावतो. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण पुन्हा जात नाही. येथेच तेवढा आपला विवेक का सुटावा?

काळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. तो ओळखायचा तर यंत्र जागे कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज प्रथम पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यात, शिरते. तेथून ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य रूपांत बाहेर पडते. हे दाब स्थिर झाले की एसएमपीएस मदरबोर्डाला तशी खूण देतो. तोवर प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. खूण मिळताच प्रोसेसर बोर्डावरील एका लहानशा चिपमधल्या सूचना वाचू लागतो, रॅमच्या पट्ट्या तपासतो आणि मग चित्र उमटविणाऱ्या भागाला जागे करतो. त्यानंतरच पडद्यावर अक्षर येते. विंडोज किंवा लिनक्स डिस्कवरून चढते, ते त्याच्याही पुढे.

यातून एक साधे सूत्र निघते. ज्या पायरीची खूण मिळाली, तेथवरचा मार्ग बहुतांशी मोकळा आहे; दोष त्याच्या पुढे शोधावा.

पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही, असे असेल तर भिंतीतला खटका, एक्स्टेन्शन बोर्ड, वायर आणि एसएमपीएसच्या पाठीवरचे छोटे बटन पाहावे. त्याच बोर्डात टेबललॅम्प लावला तर अर्धा निवाडा तेथेच होतो.

पंखे फिरतात पण पडदा काळा, असे असेल तर आधी मॉनिटरची साक्ष घ्या. त्याने 'नो सिग्नल' अशी पाटी दाखविली, तर तो बिचारा जिवंत आहे. त्याच्याकडे चित्रच पोहोचत नाही. मग केबल पाहा, आणि ती कोठे खोचली आहे तेही पाहा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविले असेल तर केबल त्या कार्डालाच लावावी लागते. इंटेलच्या अलीकडच्या कोअर मालिकेत ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, त्यात चित्राची सोयच नाही. तेथे मदरबोर्डाला लावलेली केबल जन्मभर काही दाखविणार नाही.

आता प्रश्न असा की, पडदा जागा होण्यापूर्वीच अडचण आली तर यंत्राने ती सांगावी कशी? आवाजाने. आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा स्वतःची तपासणी यथास्थित पार पडली की तो एक आखूड आवाज करी. एक लांब आणि दोन आखूड आवाज आले तर चित्राच्या भागात बिघाड समजावा. पुढे निरनिराळ्या कारखानदारांनी आपापली परिभाषा केली, म्हणून बोर्डाची पुस्तिका जपून ठेवावी. आजच्या पुष्कळ बोर्डांवर स्पीकर नसतो. पण कित्येकांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तेथे गाडी अडली.

घरगुती उपायाला सर्वांत अधिक यश येते ते रॅमच्या बाबतीत. धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी पट्टीचे सोनेरी दात मळतात. प्रथम वायर काढावी, कारण यंत्र बंद केले तरी ५ व्होल्टची एक धार बोर्डावर चालूच राहते. मग चालू करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरावे आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. पट्टी काढून दात खोडरबराने हलके पुसावेत, चुरा झटकावा आणि 'टक्' असा आवाज येईतो ती परत बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. डीडीआर-५ जातीची रॅम बदलल्यावर पहिल्या खेपेस काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. तेवढा धीर धरावा. एका वेळी पालटावे ते एकच. तीन गोष्टी एकदम पालटल्या तर यंत्र सुरू होईल, पण कशाने ते कळणार नाही. मात्र एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युत्संचय राहू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पडदा काळा झाला म्हणजे डिस्कवरचा मजकूर गेला, असे मुळीच नव्हे. एसएमपीएस, रॅम वा बोर्ड बिघडला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती दुसऱ्या यंत्राला जोडून मजकूर काढून घेता येतो. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकड्यांची किल्ली मात्र आधीच कागदावर उतरवून ठेवलेली हवी. म्हणून 'फॉरमॅट मारू का?' या प्रश्नाला घाईने होकार देऊ नका. आणि मौल्यवान मजकुराची दुसरी प्रत आजच, यंत्र धडधाकट असतानाच, करून ठेवा.

दुरुस्तीवाल्याकडे जाणे कमीपणाचे नाही. पण जाताना यंत्र कोणत्या पायरीवर अडले ते त्याला सांगा, आणि त्याने काय काय तपासले ते विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट खुलतो. जो रागावेल, त्याच्या हाती आपली दहा वर्षे सोपवावीत की नाही, हे आपणच ठरवावे.