बसची तूट कोणी सोसावी? चंदीगडचा सवाल



१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले. त्याचबरोबर पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही. लगतचे मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात. सरकारे तीन, श्रमाचा बाजार मात्र एकच! मोहालीला बिऱ्हाड असलेला कामगार चंदीगडच्या औद्योगिक क्षेत्रात राबतो, पंचकुल्याची परिचारिका चंदीगडच्या रुग्णालयात रात्रपाळी करते. त्यांची ने-आण करणारी शहर बस प्रामुख्याने चंदीगड परिवहन उपक्रमाची, म्हणजे तिघांपैकी एकाच प्रशासनाची.

तिकिटाच्या पैशातून शहर बसचा सारा खर्च निघत नाही. तो निघावा ही अपेक्षाच कष्टकऱ्यांच्या खिशावर डोळा ठेवणारी आहे. मग तूट कोणी भरावी?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर निघाले आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे परिवहन उपक्रम २००७ साली एकत्र आले आणि तुटीचा भार शेकडा ६० व ४० असा दोन महापालिकांत वाटला गेला. हद्दीबाहेरच्या गावांना जाणाऱ्या गाड्यांचा वाद त्याने मिटला नाही, हे खरे. तरीही प्रमाण आधी ठरलेले असले, की दरवर्षी नव्याने घासाघीस करावी लागत नाही.

चंदीगडला मात्र ठोक प्रमाण पुरेसे नाही. कोणाच्या हद्दीत गाडी किती किलोमीटर धावली, हा हिशेब सोपा, पण अर्धवट. गाडी बहुतांश चंदीगडच्या सेक्टरांतून धावते आणि प्रवासी मोहालीचे असतात, असेही घडते. म्हणून किलोमीटरला प्रवाशांच्या चढ-उताराची जोड हवी, आणि प्रमाण ठराविक काळाने तपासले जावे. वाहकाच्या हातातील तिकीट यंत्र कोठून कोठवर तिकीट फाडले ते नोंदवते. तेव्हा हिशेब अशक्य असल्याची नोकरशाहीची सबब टिकणारी नाही.

आणि मालकवर्गाचे काय? कामगार वेळेवर दारात पोचतो, याचा लाभ प्रथम त्यालाच. फ्रान्सने १९७१ साली पॅरिस परिसरात मालकांवर वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर बसवला, पुढे तो इतर शहरांतही नेला. समाजवादी नव्हे, भांडवलशाही देशातली ही गोष्ट!

२०२३ साली त्रिनगरासाठी एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापन झाले. २०१७ साली गुंडाळलेली मेट्रोची योजनाही त्याच वर्षी पुन्हा पटलावर आली. मेट्रो होईल तेव्हा होईल. बस आज धावते आहे. तिच्या तुटीचा त्रिपक्षीय करार या प्राधिकरणाने आधी करावा, आणि त्या वाटाघाटींत चालक-वाहकांच्या संघटनांनाही जागा असावी.