तोंडाचा कर्करोग : लपलेल्या गाठीचा प्रश्न



ज्या नागपुरात पानठेल्यावर खर्रा घोटून दिला जातो, तेथे तोंडाचा कर्करोग अपरिचित राहिलेला नाही. जिभेवरील वा गालातील व्रण लहान असतानाच निदान झाले, की कुटुंबाला हायसे वाटते. परंतु मानेत गाठ हाताला लागत नसली, तरी तेथील लसिकाग्रंथींत रोग पोहोचलेला असू शकतो. तागा उलगडल्याखेरीज आतला दोष दिसत नाही, तसाच हा प्रकार.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ पासून अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटात मुखाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात गाठ उद्भवल्यावरच. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्यातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक थोडा नव्हे! मात्र पहिल्या गटातही ग्रंथींत रोग आढळला तो सुमारे ३० टक्क्यांनाच. उरलेल्यांना मानेची शस्त्रक्रिया, आणि तिच्यामागून येणारे खांद्याचे दुखणे, टाळता आले असते काय?

याच प्रश्नासाठी अर्बुदाच्या तुकड्यातील जैविक खुणा, अर्थात बायोमार्कर, तपासल्या जात आहेत. पेशींना परस्परांशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटले, की पेशी सुटून पसरू लागतात. तथापि केवळ अशा खुणेवर मानेचा निर्णय सोपवावा, इतकी खात्री अद्याप नाही. शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांनी डॉक्टरांना अर्बुदाची खोली अवश्य विचारावी. टाटाच्या अभ्यासात ३ मिलिमीटरपर्यंतच्या अर्बुदांत ग्रंथी आधी काढण्याचा लाभ ठळक दिसला नव्हता. त्याहून खोल अर्बुदांत तो दिसला.