तापट संदेष्टा आणि मलिद्याचं ताट

हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला महाप्रसादाच्या पंगतीत बसलेल्यांना रायगडकडच्या बेने इस्राएल घरांतलं मलिद्याचं ताट परकं वाटणार नाही. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं. लग्नाआधी किंवा नवस फेडताना हे ताट मांडतात, हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले हे मराठी यहुदी.

त्यांचा हा एलियाहू मोठा तापट संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला आणि बआल देवाच्या संदेष्ट्यांना त्याने ठार केलं. पण राणी ईजबेलची धमकी येताच तोच रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला.

आता देवाचा कोप होणार, असंच वाटतं. होतं भलतंच. दूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलियाहू खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून जेवू घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नसते. उपदेशाचा एक शब्दही नाही!

यहुदी शास्त्रात देव रागावत नाही, असं मुळीच नाही. लोकांनी सोन्याचं वासरू पूजलं तेव्हा तो सर्वांचा नाश करायला निघाला होता. लोकांचा नेता मोशे याने देवाशी वाद घातला आणि देवाने आपला बेत सोडला. रागावलेल्या देवाशी माणसाला बोलता येतं, ही या ग्रंथांची फार मोठी देणगी आहे.

देवाची दया प्रार्थनालयाच्या नावातही दिसते. मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनालय सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर बांधलं, असं समाजात सांगतात. नाव शाअर हारहामीम, म्हणजे दयेचं द्वार.

हीच दया मागण्याचा योम किप्पूर हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. पांढरे कपडे, कडक उपास. पूर्वी कोकणात त्या दिवशी घरांची दारंही लावून घेत. दुपारच्या प्रार्थनेत योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. त्याने नाशाचा इशारा दिलेलं निनवे शहर पस्तावलं, देवाने शिक्षा मागे घेतली, म्हणून योना चिडला. सावलीचा वेल वाळला तेव्हा त्यानेही मरण मागितलं. एलियाहू आणि योना, दोघांच्याही कथांत संदेष्ट्याचाच पारा चढलेला, आणि समजूत काढतो तो देव. एका वेलासाठी तू एवढा हळहळतोस, तर उजवं-डावं न कळणाऱ्या लाखाहून अधिक माणसांची आणि त्यांच्या गुराढोरांची मला कीव येऊ नये का, असं तो योनाला विचारतो. पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं.