फायटर मासा आणि शेजारधर्म



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस, किमान वेतन आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची मनाची तयारी झालेली असते. चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी मासा निवडला. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत. तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून मी उभा नाही. पण माशाचे नाव घेऊन मला आयुष्यभर इतक्या वेळा गप्प बसवण्यात आले, की एकदा तो मासा आहे तरी कसा, हे पाहावेसे वाटले.

'मत्स्यन्याय' हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा जगाचा नियमच आहे, असे वाटाघाटीच्या टेबलापलीकडून मी कितीदा ऐकले असेल! आता गंमत पाहा. महाभारतात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा दाखला आला आहे तो दंडनीतीच्या समर्थनासाठी. नियम नसला, त्याची अंमलबजावणी करणारा कोणी नसला, तर मत्स्यन्याय माजेल, म्हणून नियम हवा, असे ते जुने लोक सांगत होते. आमच्या काळात तोच शब्द उलटा फिरवून 'म्हणून नियम नको' असे सांगण्यासाठी वापरतात. असो.

दौंडला आमच्या युनियनच्या कचेरीत एक काचेची टाकी आहे. बदली होऊन गेलेल्या एका रेल्वे कामगाराने जाताना ती दिली. तीन फूट लांब, शंभरएक लिटर पाण्याची. तिच्यात गप्पी मासे होते. गप्पी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. हिवताप खात्याची माणसे ते विहिरीत आणि हौदात सोडत आली आहेत. आमचे मात्र हौशी जातीचे होते, पंख्यासारख्या रंगीत शेपटांचे. एका सभासदाच्या मुलाने पुण्याहून प्लॅस्टिकच्या पेल्यात एक फायटर आणला. निळा, तांबड्या झुपक्यांचा, मोठा देखणा. मंडळींनी तो संध्याकाळी टाकीत सोडला आणि सकाळी येऊन पाहतात तो दोन गप्पींची शेपटे फाटलेली, एक तळाशी मेलेला. कचेरीत जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. एक जण म्हणाला, याला कामावरून कमी करा. दुसरा म्हणाला, आधी नोटीस, मग चौकशी, मग शिक्षा. आपणच नियम मोडायचा काय? तिसरा म्हणाला, नावच फायटर, त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करता?

चौकशीचे काम माझ्याकडे आले. मी वाचायला लागलो.

हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयामचा. तिथे त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. 1910 साली टेट रेगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' हे नाव दिले. 2019 साली थायलंडच्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. भातखाचरांत, दलदलीत, गवताळ उथळ पाण्यात तो राहतो. नर आपली हद्द राखतो. दुसरा नर आला की कल्ले फुगवतो, पर पसरतो, झटापट होते, आणि हरलेला पळून जातो. खाचर मोठे असते, गवत दाट असते. पळायला जागा असते. लोकांनी त्यातले अधिक भांडखोर निवडून पिढ्यान्पिढ्या पैदास केली, दोघांना एका बरणीत घातले आणि पैजा लावल्या. बरणीत पळायला जागा नाही. तेव्हा माशाचा स्वभाव किती, माणसाने केलेली निवड किती आणि बरणीचा आकार किती, याचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. (आपल्या देशात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजीस भरीस घालणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. मासाही त्यात आला.)

आता बरणीची गोष्ट. दुकानात हे मासे ओळीने लहान बरण्यांत ठेवलेले असतात. विचारले तर उत्तर ठरलेले: "त्याला एवढेच पाणी लागते, साहेब. वर्षभर जगतो." हे कसे शक्य होते? या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचे इंद्रिय असते. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. आपल्या घोड-भीमेतला मरळ असेच करतो. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात मरळ तगतो तो त्यामुळेच. दोघे एका कुळातले नाहीत, पण युक्ती सारखी. ही शक्ती वाईट दिवस काढण्यासाठी आहे. दुकानदाराने तिचा अर्थ असा लावला की वाईट दिवस हेच त्याचे घर.

बंधूंनो, ही भाषा माझ्या चांगली ओळखीची आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला कारखाने आले, त्यांच्यामागे परप्रांतातून आणि मराठवाड्यातून माणसे आली. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत सहा-सहा जण मी पाहिले आहेत. एका ठेकेदाराला त्याबद्दल विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "राहतात की! तक्रार कुठे आहे?" सोसण्याची ताकद आहे म्हणून सोसायला लावायचे, आणि सोसले म्हणून ते पुरेसे आहे असे ठरवायचे! दुकानातल्या त्या ओळीसमोर उभा राहिलो तेव्हा मला तो ठेकेदार आठवला. लहान बरणीत माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो. हवा वरून घेता आली, तरी कल्ले आणि कातडी त्या पाण्यातच असतात. शेजारच्या बरणीत दुसरा नर दिसत राहिला की हा कल्ले फुगवून दमतो. निदान वीस लिटर पाणी, तेही उबदार आणि स्वच्छ, हे मी त्याचे किमान वेतन समजतो.

मग सर्वांच्या सामायिक टाकीत तो नांदेल का? इथे मला जपून बोलले पाहिजे, कारण माझ्यासारख्या माणसाला 'सगळे एकत्र नांदू शकतात' असे सांगण्याचा मोह होणार, हे तुम्ही ओळखून आहात. खरे असे की दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत. तिथे संघटना, समेट, लवाद काही चालत नाही. त्यावरून माणसांविषयी सिद्धांत काढू नये. मासा माणसाचा पुरावा होत नाही, ना त्यांच्या बाजूने, ना माझ्या. मात्र एकच नर असेल आणि शेजारी नीट निवडले, तर पुष्कळदा जमते.

आमच्या गप्पींचे काय चुकले? त्यांची रुंद रंगीत शेपटे पाहून फायटरला तो दुसरा नर वाटला. गुरामी त्याच्याच गोतातला, म्हणून तोही नको. उलट टायगर बार्बसारखे चपळ मासे फायटरचेच लांब पर कुरतडतात. तिथे आरोपी बदलतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, फायटरला पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचे हवे. राहिले कोण? तळाशी फिरणारे कोरीडोरास, सहा-सात जणांच्या घोळक्याने. आणि मधल्या पाण्यात राहणारे लहान, साध्या रंगाचे रासबोरा. फायटर बहुधा वरच्या थरात वावरतो. तळ एकाचा, मध्य दुसऱ्याचा, वरचा थर तिसऱ्याचा, अशी वाटणी झाली की तंटा कमी.

गप्पींना आम्ही हौदात हलवले. टाकीत वनस्पती दाट लावल्या, फुटकी मडकी आडवी ठेवली, म्हणजे पळणाऱ्याला आडोसा. गाळणीचा झोत मंद केला, कारण लांब परांच्या माशाला प्रवाहात पोहणे जड जाते. झाकणाखाली चार बोटे हवा सोडली. दौंडचा हिवाळा तुम्ही जाणता. रात्री पाणी गार पडते, म्हणून हीटर घेतला. नवी मंडळी एकदम भरली नाहीत. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते आपले न दिसणारे सफाई कामगार. गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने तेच मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, तेही एक दिवस उघडे ठेवलेले. बाकी सारे स्थिरावल्यावर, सर्वांत शेवटी फायटर सोडला, म्हणजे सगळी टाकी माझीच, असे त्याला वाटायला सवड मिळत नाही.

त्याने दोन दिवस कल्ले फुगवले, मग सोडून दिले. तो पुढे दीड वर्ष त्या टाकीत राहिला. त्याच्या जागी आणलेल्या दुसऱ्याला मात्र कोणीच सोसवेना. रासबोरांना त्याने कोपऱ्यात कोंडले. सर्व काळजी तीच, शेजारी तेच. तिसऱ्या दिवशी त्याला वेगळ्या टाकीत ठेवले आणि तिथे तो खुशाल आहे. म्हणून रिकामी टाकी आधीच तयार असावी.

या प्राण्याची आणखी एक बाजू सांगण्याजोगी आहे. हा भांडखोर नर पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादीने अंडी घातली की एकेक तोंडात धरून त्या घरट्यात ठेवतो, खाली पडलेले पुन्हा उचलतो आणि पिले पोहू लागेपर्यंत पहारा करतो. पहिल्या माशाने आमच्याकडे मादी नसतानाही घरटे बांधले होते. ज्या सभासदाने 'नावच फायटर' म्हटले होते, तो जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन टाकीसमोर बसू लागला.

शेवटी एक विनंती. हौस फिटली, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, की पुष्कळजण पुण्य लागेल म्हणून मासे नदीत सोडतात. घोडेत किंवा भीमेत कोणीही तसे करू नये. चिलापी आफ्रिकेतला, भारतात 1952 साली आणला. आज उजनीच्या फुगवट्यात त्याचेच राज्य आहे आणि आपल्या जुन्या माशांना जागा कमी पडते. टाक्यांतून सुटलेला सकर मासा देशातल्या कित्येक तलावांत पसरला आहे. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर आमच्या कचेरीत आणून द्यावा. रिकामी टाकी आहे. फक्त आणताना त्याला अर्ध्या तासाच्या प्रवासापुरतीच पिशवी द्या, आणि येण्याआधी निरोप करा, म्हणजे पाणी उबदार करून ठेवता येईल.