लिहायचं टेबल कुणाचं?

(चिंचवड येथे कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी लिहायच्या टेबलाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत टेबल ठेवायचं कुठे? तोच तर आजचा विषय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या कोमो शहरात इको आणि लुईसा पारिसी या नवराबायकोनं 'ला रुओता' नावाचा स्टुडिओ काढला. रुओता म्हणजे चाक. घरांचे आणि लाकडी फर्निचरचे आराखडे तिथे तयार होत. त्यांची लिहायची टेबलं आज जुन्या वस्तूंच्या लिलावात मोठ्या किमतीला जातात. स्टुडिओ दोघांचा, पण विक्रीच्या यादीत पुष्कळदा नाव एकट्या इकोचं. रंधा मारणाऱ्या सुताराचं तर कुठेच नाही.

आपल्या देशातही तेच. चंडीगड शहर उभारताना पिएर जानरे यांच्याबरोबर युली चौधरी या वास्तुरचनाकार बाईंनी सरकारी कचेऱ्यांच्या फर्निचरवर काम केलं. ती सागवानी टेबलखुर्च्या आज परदेशात विकल्या जातात, त्या जानरेंच्या नावावर.

म्हणजे प्रश्न दोन. केलेलं काम कुणाच्या नावावर लागतं? आणि बसून लिहायची जागा कुणाला मिळते? घरात टेबल आलंच तर ते मुलाच्या अभ्यासाचं. नवऱ्याची कागदपत्रं त्याच्या खणात. बाई किराण्याची यादी ओट्यावर उभ्याउभ्या लिहिते.

पण टेबल नाही म्हणून लिहिणं अडत नाही, हेही याच पट्ट्यानं पाहिलं आहे. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीनं, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखत झाली आणि टेल्कोला पहिली स्त्री इंजिनिअर मिळाली.

त्या इंजिनिअर होत्या, आम्ही ठेकेदाराकडच्या, असं तुम्ही म्हणाल. म्हणून कायदा सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत हवी. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आणि जिला लिहिता येत नाही, तिला ती लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

लाइनवर सुपरवायझर काही बोलला, अंगचटीला आला, तर आपण घरी येऊन सांगतो, रडतो, विसरायचा प्रयत्न करतो. तारीख मात्र कुठेच राहत नाही. तीन महिन्यांनी 'कधी झालं?' असं विचारलं की आपण गडबडतो आणि समोरचा सुटतो.

तेव्हा प्रत्येकीनं एक वही करावी. दिवस, शिफ्ट, कोण काय म्हणालं, शेजारी कोण होतं, एवढंच लिहायचं. पगाराची पावती त्यातच ठेवायची. जिला लिहिता येतं तिनं शेजारणीचंही लिहून द्यावं. मांडीवर वही धरून लिहिलं तरी चालतं. पण खाली सही स्वतःची करा, कुणाची सून किंवा कुणाची बायको म्हणून नको.