श्रमदान आणि स्थितिकरण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘श्रमदान आणि मनोबल’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. श्रमदानाच्या पहिल्या दिवशी डोंगरावर जाणारे पुष्कळ असतात. विसाव्या दिवशी कोण जाते, हा खरा प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, कोरेगाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांत पाऊस बेभरवशाचा. तेथे पाणी अडवावयाचे तर माथा ते पायथा काम करावे लागते, आणि तेही पावसाळ्यापूर्वी, ऐन वैशाखाच्या उन्हात. मुरमाड उतारावर सलग समतल चर खोदताना टिकाव दगडावर आपटून मागे येतो, तळहाताला फोड येतात. याहून कठीण गोष्ट अशी की, पाऊस पडेपर्यंत केलेल्या श्रमाचे फळ दिसत नाही. कोरड्या चराकडे पाहून मन विचारते, हे सारे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील निःकांक्षित म्हणजे फळाची आसक्ती न धरणे. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडणे. स्थितिकरण म्हणजे ढळू लागलेल्याला पुन्हा स्थिर करणे. आणि वात्सल्य म्हणजे सहधर्मीयांवर निष्कपट प्रेम. ही अंगे मोक्षमार्गाची आहेत, याचे भान ठेवूनही म्हणावेसे वाटते की, लोकहिताच्या कामात माणसे टिकतात ती याच गुणांमुळे.

2016 च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तीन तालुक्यांतील 116 गावे तीत उतरली होती आणि प्रथम क्रमांक आपल्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने मिळविला. पुढे 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने श्रमदानात पुढे असलेल्या गावांना माती उपसणारी यंत्रे पुरविली. आधी माणसांचे हात, मग यंत्राची साथ, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. दान श्रमाच्या पाठीशी उभे राहिले, श्रमाच्या जागी नव्हे.

सांगली जिल्ह्यातील बळीराजा स्मृती धरणाचा इतिहासही असाच आहे. बलवडी-तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी 1980 च्या दशकात येरळा नदीवर लोकशक्तीतून ते उभारले. त्यासाठी श्रमाइकीच कसोटी शासकीय परवानगीच्या प्रतीक्षेने पाहिली. हात चालू असताना मन तग धरते. वाट पाहताना ते खचते. अशा वेळी लोकांना एकत्र बसविणारा माणस लागतो.

आपल्या समाजाचे भूषण कर्मवीर भाऊराव पाटील हे असे माणूस होते. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून 1924 मध्ये त्यांनी ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहातील मुले स्वतः राबत, स्वतः रांधत, एका पंक्तीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. आपल्या आधी कुणीतरी झीज सोसली आहे, हे ज्याला दिसते त्याचा टिकाव सहसा थांबत नाही.

यातून आपण काय घ्यावे? रोजचे काम प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे आखून द्यावे. संध्याकाळी ‘एवढे झाले’ असे समाधानाने म्हणता यावे. वृद्धांना पाणपोई द्यावी, मुलांना रोपे द्यावीत; कुणी बिनकामाचा राहू नये. सूर्यास्तापूर्वी सर्वांचे भोजन एकत्र व्हावे. टिकाव मारताना जीवजंतू पाहून यत्नाचार सांभाळावा. त्याने गती थोडी मंदावेल, पण मन निर्मळ राहील. प्रमुखाने केवळ देखरेख न करता स्वतः घमेले उचलावे.

आणि जो दोन दिवस आला नाही, त्याला सभेत आळशी म्हणू नये. त्याच्या घरी जावे. कदाचित घरात आजारपण असेल, कदाचित कुणाचा शब्द लागला असेल. ‘उद्या तुमची जागा राखून ठेवतो,’ एवढे एक वाक्य पुरते. हेच उपगूहन, हेच स्थितिकरण.

पन्नास वर्षांत संस्थेने वास्तू उभारल्या, दाते जोडले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु आपली तरुण पिढी देणगीच्या पावतीपुरती राहू नये, ही चिंताही आहे. तिला डोंगरावर न्यावे. आणि ती थकेल तेव्हा तिच्याकडे जाण्याची जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरवावे. पाऊस आपल्या हाती नाही. शेजाऱ्याचे मन सावरणे मात्र आपल्या हाती आहे.