हायब्रिड मोटारीची निगा

टोयोटाने १९९७ साली जपानात ‘प्रियस’ विक्रीस काढली. २०२२ पासून हायरायडर व ग्रँड व्हिटारा या गाड्यांतही पेट्रोल व वीज यांची तशीच जोड मिळू लागली. जोडीला वीज आली म्हणजे इंजिनाची निगा सुटली, असा एक समज आढळतो. तो खरा नव्हे. इंजिन मधूनमधून विसावत असले तरी त्याचे तेल व गाळणी नेमल्या मुदतीस बदलावीच लागतात. ब्रेकचे मात्र निराळे. गाडी मंदावताना विद्युत् मोटरच जनित्र बनून वीज बॅटरीत परत भरते. त्यामुळे ब्रेकचे पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात. नारिंगी वेष्टनाच्या तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. त्यांना नेहमीच्या मिस्त्रीने हात लावू नये.

सोलापुरात खरी काळजी आहे ती बॅटरीच्या श्वासाची. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मागच्या बैठकीपाशी एक लहानशी जाळी असते. तीतून पंखा आतली हवा ओढून बॅटरी थंड राखतो. वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो, धूळ तर बारमाही; आणि बैठकीवर चादर अंथरण्याची हौस सोलापूरकरांस कोणी शिकवावी! तिचा पदर जाळीवर आला, किंवा तंतू व धूळ आत साचली, की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. म्हणून चादर जाळी सोडून अंथरावी, आणि जाळीमागची गाळणी उन्हाळ्यापूर्वी साफ करवून घ्यावी.